आरुषी-हेमराज हत्याकांड : निकाल लागला, उत्तर बाकीच

उत्तर प्रदेशातील नॉएडा येथे १५ मे २००८ च्या रात्री तेरा वर्षांची आरुषी तलवार आणि तिच्या घरी काम करणारे हेमराज बंजाडे यांचा खून झाला. या प्रकरणाचा तपास आधी राज्य पोलिसांनी आणि नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाच्या (सीबीआय) दोन पथकांनी केला. विशेष न्यायालयाने आरुषीच्या आई-वडिलांना दोषी ठरवले, तर उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. मात्र खून कोणी केला, या मूळ प्रश्नाचे पुराव्याच्या कसोटीवर टिकणारे उत्तर या साऱ्या प्रवासात मिळालेले नाही. उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली कुटुंबे दोन आहेत, एक नॉएडातील आणि दुसरे नेपाळमधील. या प्रकरणाचा प्रवास, तपासातील त्रुटी आणि अशा प्रकरणांत पीडित कुटुंबांना असलेले हक्क यांचा हा आढावा.

घटना

नॉएडाच्या सेक्टर २५ मधील जलवायू विहार ही हवाई दल व नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी उभारलेली वसाहत आहे. दंतवैद्य डॉ. राजेश व डॉ. नूपुर तलवार आपल्या एकुलत्या एका मुलीसह तेथे राहत होते. नूपुर यांचे माहेर चिटणीस या मराठी कुटुंबातले. त्यांचे वडील भारतीय हवाई दलातून ग्रुप कॅप्टन पदावरून निवृत्त झालेले असून आजी-आजोबांचे वास्तव्यही त्याच वसाहतीत होते. दिल्ली पब्लिक स्कूलच्या नॉएडा शाखेत शिकणाऱ्या आरुषीचा चौदावा वाढदिवस २४ मे रोजी होता. तो अवघ्या आठ-नऊ दिवसांवर आला होता.

१६ मे रोजी सकाळी सहाच्या सुमारास मोलकरीण कामावर आली. त्यानंतर आरुषी तिच्या खोलीत मृतावस्थेत आढळली. तिच्या डोक्यावर जड वस्तूचा आघात झाला होता आणि गळा धारदार शस्त्राने चिरला होता. घरात राहणारे हेमराज बेपत्ता होते. पोलिसांनी त्यांनाच संशयित ठरवले आणि त्यांची माहिती देणाऱ्यास वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, १७ मे रोजी, त्याच घराच्या कुलूपबंद गच्चीवर हेमराज यांचा मृतदेह सापडला. तो कूलरच्या पत्र्याने झाकलेला होता. ज्याचा शोध खुनी म्हणून चालला होता तो स्वतःच त्या रात्रीचा दुसरा बळी होता, हे चोवीस तासांहून अधिक काळाने उघड झाले.

हेमराज पश्चिम नेपाळमधील अर्घाखाँची जिल्ह्याचे रहिवासी होते. वयाने पंचेचाळिशीचे हेमराज गावी कुटुंब ठेवून रोजगारासाठी भारतात आले होते. पुढे प्रसारमाध्यमांच्या चर्चेत हे प्रकरण बहुधा केवळ ‘आरुषी प्रकरण’ म्हणूनच ओळखले गेले.

निसटलेले पहिले तास

खुनाच्या तपासात पहिल्या काही तासांचे महत्त्व सर्वाधिक असते. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, केस, धागे आणि वस्तूंची मूळ जागा यांचा पुरावा एकदा विस्कटला की तो पूर्ववत करता येत नाही. नॉएडात नेमके हेच घडले. मुलीच्या मृत्यूची वार्ता पसरताच नातेवाईक, शेजारी, पोलीस आणि पत्रकार यांची त्या लहानशा सदनिकेत गर्दी झाली. खोली तातडीने बंद करून तिची शास्त्रशुद्ध तपासणी झाली नाही.

गच्चीच्या दाराला कुलूप होते. त्या दारावर रक्ताचे डाग दिसल्याचे नंतर साक्षींमध्ये सांगण्यात आले. तरीही त्या दिवशी ते कुलूप तोडले गेले नाही. आरुषीच्या पार्थिवाची उत्तरीय तपासणी आणि अंत्यसंस्कार त्याच दिवशी पार पडले. रक्ताने माखलेली गादी खोलीतून हलवून शेजारच्या गच्चीवर ठेवण्यात आली. जेवणाच्या टेबलावर मद्याची बाटली मिळाली. तिच्यावर दोन्ही मृतांचे रक्त होते, पण ती कोणाच्या हातात होती हे ठशांवरून सिद्ध होऊ शकले नाही. खुनासाठी वापरलेले हत्यारही निर्विवादपणे निश्चित झाले नाही. तपासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर खुकरी, गोल्फची काठी आणि शस्त्रक्रियेची सुरी अशी निरनिराळी नावे पुढे आली.

संशयाची फिरती दिशा

२३ मे २००८ रोजी पोलिसांनी डॉ. राजेश तलवार यांना अटक केली. त्यानंतर झालेल्या पत्रकार परिषदेत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने खुनामागच्या हेतूविषयी काही विधाने केली. मृत बालिकेच्या आणि तिच्या वडिलांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणाऱ्या या विधानांना आधार देणारा पुरावा मात्र मांडण्यात आला नाही. तत्कालीन केंद्रीय महिला व बालविकास मंत्री रेणुका चौधरी यांनी पोलिसांच्या या वर्तनावर जाहीर टीका केली. परंतु तोवर ती विधाने देशभर पोहोचली होती. पुढची अनेक वर्षे वृत्तवाहिन्यांवरील चर्चा त्यांच्याभोवतीच फिरत राहिली.

राज्य सरकारच्या शिफारशीनंतर १ जून २००८ रोजी तपास सीबीआयकडे गेला. पहिल्या पथकाने संशयाचा रोख तलवार दांपत्याच्या दवाखान्यातील साहाय्यक आणि परिसरातील अन्य दोन घरगड्यांकडे वळवला. या तिघांना अटक झाली आणि त्यांच्या नार्को चाचण्या घेण्यात आल्या. वडिलांविरुद्ध पुरावा नसल्याचे सीबीआयने सांगितल्यानंतर जुलै २००८ मध्ये त्यांची सुटका झाली. तिघांविरुद्ध विहित मुदतीत आरोपपत्र दाखल होऊ शकले नाही, त्यामुळे तेही सप्टेंबरमध्ये बाहेर आले. नार्को चाचणीतील उत्तरे पुरावा म्हणून ग्राह्य नसतात. व्यक्तीच्या संमतीशिवाय अशी चाचणीच घेता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला.

सप्टेंबर २००९ मध्ये सीबीआयचे दुसरे पथक आले आणि संशय पुन्हा आई-वडिलांकडे वळला. तरीही या पथकाने २९ डिसेंबर २०१० रोजी आरोपपत्र दाखल केले नाही, तर तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयापुढे ठेवला. वडिलांवर संशय आहे, पण खटला उभा करण्याइतका पुरावा नाही, असा त्या अहवालाचा आशय होता. घरगड्यांविरुद्धही पुरावा नसल्याचे त्यात नमूद होते.

कुटुंबाची मागणी आणि तिची परिणती

तपास बंद करण्यास तलवार दांपत्याने विरोध केला. तपास पुढे चालावा आणि उपलब्ध वस्तूंची अधिक प्रगत तंत्राने तपासणी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. २५ जानेवारी २०११ रोजी गाझियाबाद न्यायालयाच्या आवारात डॉ. राजेश तलवार यांच्यावर एका तरुणाने धारदार शस्त्राने हल्ला केला. त्यात ते गंभीर जखमी झाले. ९ फेब्रुवारी २०११ रोजी दंडाधिकाऱ्यांनी सीबीआयचा अहवाल नाकारला. मात्र पुढील तपासाचा आदेश देण्याऐवजी त्याच अहवालातील मजकुराच्या आधारे त्यांनी आई आणि वडील दोघांनाही आरोपी म्हणून हजर राहण्यास फर्मावले.

बंद होणारा तपास सुरू ठेवावा, असे सांगणारे पालक अशा रीतीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. या आदेशाला दिलेले आव्हान आधी उच्च न्यायालयात आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळले गेले. ३० एप्रिल २०१२ रोजी डॉ. नूपुर न्यायालयाला शरण गेल्या. सुमारे पाच महिन्यांनी त्यांना जामीन मिळाला. २५ नोव्हेंबर २०१३ रोजी गाझियाबादच्या विशेष न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

हा निकाल परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा होता. घरात चार माणसे होती, त्यांतील दोघांचा खून झाला आणि बाहेरून कोणी शिरल्याची खूण नाही. तेव्हा काय घडले याचा खुलासा उरलेल्या दोघांनीच करायला हवा, अशी त्याची मांडणी होती. तिला भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०६ चा आधार घेण्यात आला. एखादी गोष्ट विशेषत्वाने ज्याच्या माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, असे हे कलम सांगते.

उच्च न्यायालयाचा निकाल

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. बी. के. नारायण आणि न्या. ए. के. मिश्रा यांच्या खंडपीठाने १२ ऑक्टोबर २०१७ रोजी ही शिक्षा रद्द केली. कलम १०६ चा भार आरोपीवर येण्याआधी अभियोग पक्षाने आपली मूलभूत बाजू सिद्ध करणे आवश्यक असते, आणि येथे ती सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या रात्री घरात बाहेरची व्यक्ती असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, असाही निष्कर्ष काढण्यात आला. हेमराज यांच्यावर आरुषीच्या खोलीत हल्ला झाला, हा अभियोग पक्षाच्या कथनाचा कणा होता. परंतु त्या खोलीत हेमराज यांचे रक्त आढळल्याचे सिद्ध झाले नाही.

सर्वाधिक लक्ष वेधले ते एका उशीच्या अभ्र्याने. दवाखान्यातील साहाय्यकाच्या खोलीतून जप्त केलेल्या अभ्र्यावर हेमराज यांचा डीएनए आढळल्याची नोंद हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेच्या नोव्हेंबर २००८ च्या अहवालात होती. सीबीआयच्या दोन्ही पथकांच्या नजरेतून ही नोंद सुटली. बचाव पक्षाने ती पुढे आणल्यावर २०११ मध्ये प्रयोगशाळेने तो टंकनदोष असल्याचे कळवले. दोन अभ्र्यांच्या वर्णनांची अदलाबदल झाल्याचे तिचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने हा खुलासा स्वीकारला नाही. मात्र या नोंदीवरून त्या साहाय्यकाचा दोष सिद्ध झाला, असाही अर्थ निघत नाही. त्याच्यावर कधीही खटला चालला नाही. कायद्याच्या दृष्टीने तोही निर्दोषच आहे.

न्या. मिश्रा यांनी स्वतंत्र निकालपत्रात विशेष न्यायाधीशांवर कठोर ताशेरे ओढले. आधी उत्तर गृहीत धरून मग गणिताची मांडणी करणाऱ्या शिक्षकासारखी त्यांची पद्धत होती, अशा आशयाचे हे ताशेरे होते. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी तलवार दांपत्य गाझियाबादच्या डासना कारागृहातून बाहेर आले. जवळपास चार वर्षांच्या कैदेत दोघांनी सहबंद्यांवर दंतोपचार केले होते.

फौजदारी न्यायालयापुढचा प्रश्न मर्यादित असतो. समोरच्या आरोपींचा दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला की नाही, एवढेच ते ठरवते. आरोपींनी नाही तर कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर देणे तपास यंत्रणेचे काम असते. म्हणूनच निर्दोष मुक्ततेच्या निकालाने शिक्षा संपली, पण गूढ संपले नाही.

भिलाईचा विरोधाभास

पुरावा वेळीच हाती आला तर काय घडते, याचे उदाहरण छत्तीसगडमधील भिलाई येथे सापडते. २३ नोव्हेंबर २०१० रोजी रुआबांधा भागातून दोन वर्षांचा मुलगा बेपत्ता झाला. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी लगोलग शोध घेतला. जवळच्या एका घरात संशयास्पद खुणा दिसल्याने त्यांनी जाब विचारला आणि त्याच घराच्या आवारातून मुलाचा मृतदेह निघाला. तंत्रमंत्राच्या अघोरी समजुतीतून त्याचा बळी देण्यात आला होता. कबुली, मृतदेह, हत्यार आणि साक्षीदार यांची साखळी सुरुवातीलाच जुळली. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि ३ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही पातळ्यांवर मुख्य आरोपी दांपत्याची दोषसिद्धी आणि फाशीची शिक्षा कायम राहिली.

या घटनेला आणखी एक पदर आहे. त्याच वर्षी काही महिन्यांपूर्वी बेपत्ता झालेल्या सहा वर्षांच्या मुलीचा बळीही याच दांपत्याने घेतल्याचे या तपासातूनच उघड झाले. दुसरे मूल गमावलेल्या घराने त्याच दिवशी शोध घेतला नसता, तर पहिल्या मुलीचे काय झाले हे तिच्या कुटुंबाला कदाचित कधीच कळले नसते. शिक्षा किती व्हावी, यावर मतभेद असू शकतात. परंतु भिलाईतील दोन्ही कुटुंबांना आपल्या मुलांचे काय झाले हे कळले. नॉएडा आणि अर्घाखाँचीतील कुटुंबांच्या वाट्याला ते आलेले नाही.

बोल्डरमधील साम्य

नॉएडातील प्रकरणाशी जवळचे साम्य असलेले प्रकरण अमेरिकेत तीन दशकांपूर्वी घडले. २६ डिसेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरात सहा वर्षांची जॉनबेने रॅमसी घरातून नाहीशी झाल्याची तक्रार आली. खंडणीची चिठ्ठीही मिळाली. काही तासांनी तिच्या वडिलांनाच घराच्या तळघरात तिचा मृतदेह सापडला. तोवर घरात परिचितांचा वावर झाला होता आणि पुरावा दूषित झाला होता. तेथेही संशय आई-वडिलांवर आला आणि दूरचित्रवाणीने तो वर्षानुवर्षे जागता ठेवला. १९९९ मध्ये ज्युरीने पालकांवर आरोप ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, पण पुरावा अपुरा असल्याचे सांगून जिल्हा सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. ज्युरीचा हा कौल २०१३ मध्ये जाहीर झाला.

आई पॅट्सी यांचे २००६ मध्ये निधन झाले. डीएनएच्या नव्या चाचण्यांच्या आधारे कुटुंबावर संशय नसल्याचे पत्र सरकारी वकिलांनी २००८ मध्ये दिले, ते पाहायला त्या हयात नव्हत्या. जपून ठेवलेल्या वस्तूंची आधुनिक तंत्राने पुन्हा तपासणी व्हावी, ही मागणी वडील जॉन रॅमसी यांनी वृद्धापकाळातही लावून धरली. वस्तू जपल्या असतील तरच अशी मागणी करता येते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

कायदा काय सांगतो

भारतात खुनाच्या गुन्ह्याला कालमर्यादा नाही. फौजदारी कायद्यातील मुदतीचे बंधन तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच लागू होते. त्यामुळे कितीही वर्षांनी नवा पुरावा हाती आला तरी खुनाचा खटला भरता येतो. अहवाल सादर झाल्यावरही पुढील तपास करण्याची तरतूद पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) मध्ये आहे. एकदा निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, मात्र सुटकेच्या निकालाविरुद्ध वरिष्ठ न्यायालयात दाद मागता येते.

पीडितांच्या स्थानात गेल्या काही वर्षांत बदल झाला आहे. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडित व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला. त्याआधी हा अधिकार प्रामुख्याने सरकारच्या हाती होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत पीडिताला किंवा फिर्यादीला कळवणे पोलिसांना बंधनकारक केले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशीही तरतूद तिच्यात आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा देण्यात आली आहे. ही व्यवस्था २००८ मध्ये असती, तर जलवायू विहारातील खोली आणि गच्ची या दोन्ही जागांचे चित्र पहिल्याच दिवशी नोंदले गेले असते.

डीएनए माहितीच्या राष्ट्रीय संग्रहाला कायद्याचे अधिष्ठान देणारे विधेयक मात्र जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेण्यात आले. त्यामुळे जुन्या प्रकरणातील नमुन्यांची अशा संग्रहाशी पडताळणी करण्याचा मार्ग भारतीय कुटुंबांसाठी खुला झालेला नाही.

दोन कुटुंबांची प्रतीक्षा

उच्च न्यायालयाच्या निकालाला पहिले आव्हान नेपाळमधून आले. हेमराज यांच्या पत्नी खुमकला बंजाडे यांनी डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्या पतीचा खून झाला हे तर सर्वांनाच मान्य आहे, मग तो कोणी केला हे शोधून काढणे यंत्रणेचे कर्तव्य नाही काय, असा त्यांच्या याचिकेचा रोख होता. मार्च २०१८ मध्ये सीबीआयनेही अपील केले. १० ऑगस्ट २०१८ रोजी ती दाखल करून घेण्यात आली आणि प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेत गेले.

या दोन कुटुंबांच्या भूमिका परस्परविरोधी दिसतात. एकाने सुटकेचे स्वागत केले, दुसऱ्याने तिला आव्हान दिले. परंतु दोघांचा प्रश्न एकच आहे. एका घराने मुलगी गमावली आणि नंतर तिच्याच खुनाचा आरोप सोसला. दुसऱ्याने कर्ता पुरुष गमावला, त्याला आधी खुनी ठरवलेले पाहिले आणि नंतर चर्चेतून त्याचे नावच पुसट होताना पाहिले. आरुषी हयात असती तर मे २०२४ मध्ये तिने वयाची तिशी गाठली असती.

प्रकरणाचा घटनाक्रम

१६ मे २००८ : आरुषीचा मृतदेह घरात आढळला.
१७ मे २००८ : हेमराज यांचा मृतदेह गच्चीवर सापडला.
२३ मे २००८ : डॉ. राजेश तलवार यांना अटक.
१ जून २००८ : तपास सीबीआयकडे.
२९ डिसेंबर २०१० : तपास बंद करण्याचा सीबीआयचा अहवाल सादर.
९ फेब्रुवारी २०११ : अहवाल नामंजूर, आई-वडिलांना समन्स.
२६ नोव्हेंबर २०१३ : दोघांना जन्मठेप.
१२ ऑक्टोबर २०१७ : अलाहाबाद उच्च न्यायालयाकडून निर्दोष मुक्तता.
१० ऑगस्ट २०१८ : सुटकेविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयात दाखल.